फ्रेम ग्रॅबर घ्यायचा की नाही? भोसरी-चाकणच्या लघुउद्योजकांसाठी

भोसरी, तळवडे, चाकण, म्हाळुंगे इथल्या वाचकांकडून एक प्रश्न वारंवार येतो. मोठ्या कंपनीकडून लाइन रिटर्न झालं, डेबिट नोट आली आणि पुढच्या ऑडिटमध्ये शेरा मिळाला, ‘डोळ्यांनी तपासणं पुरेसं नाही, कॅमेरा बसवा.’ तुम्ही तीन ठिकाणांहून कोटेशन मागवली. पहिल्यात फ्रेम ग्रॅबर कार्ड आहे आणि त्याची किंमत कॅमेऱ्याच्या बरोबरीची आहे. दुसऱ्यात कार्ड नाहीच, साधी लॅन केबल आहे. तिसरा म्हणतो, स्मार्ट कॅमेरा घ्या, कॉम्प्युटरही लागणार नाही. तिघेही ठामपणे बोलतात आणि तुम्ही कोड्यात पडता.

माझं मत आधीच सांगतो. पार्ट एक-एक करून तपासणाऱ्या आपल्या बहुतेक शॉपना हे कार्ड लागत नाही. ज्यांना लागतं, त्यांनी मात्र पैसे वाचवायला ते टाळलं तर पुढे जास्त खर्च होतो. तुम्ही कोणत्या गटात आहात हे कोटेशन वाचून कळत नाही, पार्ट आणि सायकल टाइम पाहून कळतं. तो हिशेब तुम्हाला स्वतःला करता येतो.

कार्ड नेमकं काय करतं?

पूर्वी कॅमेरा टीव्हीसारखा अ‍ॅनालॉग सिग्नल द्यायचा. कॉम्प्युटरला तो समजत नसे. त्या सिग्नलमधून एकेक चित्र पकडून त्याचे आकडे करणारं कार्ड म्हणजे फ्रेम ग्रॅबर. आता कॅमेरा स्वतःच आकडे पाठवतो, त्यामुळे ते मूळ काम संपलं. उरली तीन कामं: प्रचंड वेगाने येणारा डेटा एकही चित्र न गाळता मेमरीत नेणं, ट्रिगर आणि एन्कोडरचा सिग्नल थेट हार्डवेअरमध्ये जोडणं आणि प्रोसेसरवरचा भार कमी करणं. यांपैकी एकाचीही तुम्हाला गरज नसेल, तर कार्डावर पैसे घालू नका.

कॅमेरा कॉम्प्युटरला जोडण्याचे नेहमीचे मार्ग असे:

- गिगई व्हिजन: साधी लॅन केबल, १०० मीटरपर्यंत. प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट. फ्रेम ग्रॅबर लागत नाही.
- यूएसबी-३ व्हिजन: सेकंदाला साधारण ३५० मेगाबाइट आणि त्याहून थोडं जास्त. साधी केबल मात्र ३ ते ५ मीटरच चालते. फ्रेम ग्रॅबर लागत नाही.
- कॅमेरा लिंक: कार्ड लागतंच. ‘बेस’ प्रकारात सेकंदाला २५५ मेगाबाइट, ‘फुल’मध्ये ६८०. केबल साधारण १० मीटर.
- कोॲक्सप्रेस: कार्ड लागतंच. एका केबलवर ६.२५ गिगाबिट, नव्या २.० आवृत्तीत १२.५ गिगाबिट. त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही जाते, आणि डेटा फार असेल तर चार केबल एकत्र लावता येतात.

मध्ये ५ आणि १० गिगाबिटचे लॅन कॅमेरेही आले आहेत. त्यामुळे कार्डाची गरज आणखी थोडी मागे सरकली आहे.

वही-पेन घेऊन बसा

वेंडरला बोलावण्याआधी हा हिशेब करा. क्वालिटीच्या माणसाला सोबत घ्या. कोणता दोष किती मोठा, हे त्याला माहीत असतं.

१. सगळ्यात लहान दोष किती मिमीचा पकडायचा आहे? ‘सगळे दोष’ हे उत्तर नाही. समजा, १०० मिमीच्या मशिन केलेल्या फ्लँजवर ०.२ मिमीची पोरोसिटी पकडायची आहे.

२. त्या दोषावर किती पिक्सेल पडतात? निदान तीन-चार हवेत. आजूबाजूला जागा सोडून ११० मिमीचा भाग २४४८ पिक्सेलवर घेतला, तर एक पिक्सेल ०.०४५ मिमीचा होतो. ०.२ मिमीवर चार पिक्सेल मिळतात. भागलं. आडव्या-उभ्या दोन्ही दिशांचा हिशेब करा. गोल पार्टसाठी सेन्सरची लहान बाजू धरावी लागते, आणि २०४८ पिक्सेल धरले तरी साडेतीनच्या वर पिक्सेल मिळतातच.

३. पार्ट हलत असताना चित्र घ्यायचं का? कन्व्हेयर सेकंदाला ५०० मिमी धावत असेल, तर वरच्या उदाहरणात ९० मायक्रोसेकंदात पार्ट एक पूर्ण पिक्सेल पुढे सरकतो. एक्स्पोजर त्याहून कमी ठेवावं लागेल आणि त्यासाठी जोरदार स्ट्रोब लाइट लागेल. इथे प्रकाशाचा प्रश्न आहे, कार्डाचा नाही. स्टॉपर लावून पार्ट अर्धा सेकंद थांबवता आला, तर तोही सुटतो.

४. सेकंदाला किती डेटा होतो? २४४८ गुणिले २०४८ म्हणजे एका चित्राला सुमारे ५ मेगाबाइट. चार कॅमेरे, सहा सेकंदांना एक पार्ट: सहा सेकंदांत २० मेगाबाइट, म्हणजे सेकंदाला साडेतीनही नाही. एकच लॅन केबल ११० नेते.

चौथ्या पायरीवर बहुतेकांचा निर्णय होऊन जातो.

‘पण आमचा शाफ्ट गोल आहे, लाइन स्कॅन (एका वेळी एकच रेघ टिपणारा) कॅमेरा लागेल, मग कार्ड आलंच ना?’ हेही अनेक जण विचारतात. तेही मोजून पाहा. ३० मिमी व्यासाच्या शाफ्टचा घेर ९४ मिमी. ०.०५ मिमीला एक रेघ घेतली, तर एका फेऱ्यात साधारण १,९०० रेघा होतात. ४०९६ पिक्सेलचा कॅमेरा आणि सेकंदाला एक फेरा: ८ मेगाबाइटच्या आत. लॅनचा लाइन स्कॅन कॅमेरा पुरतो आणि एन्कोडर थेट त्या कॅमेऱ्यालाच जोडता येतो, तशी इनपुट असलेलं मॉडेल तेवढं मागा.

आता कॉइल स्लिटिंगची लाइन घ्या. पट्टी सेकंदाला दोन मीटर धावते, ०.१ मिमीला एक रेघ हवी, म्हणजे सेकंदाला २०,००० रेघा. ८१९२ पिक्सेलने गुणलं की सेकंदाला १६४ मेगाबाइट होतात, तेही एका बाजूचे. पट्टी थांबत नाही, त्यामुळे मागे राहिलेला डेटा नंतर भरून काढायला उसंत नाही. इथे कॅमेरा लिंक किंवा कोॲक्सप्रेस आणि त्याचं कार्ड हाच शहाणपणाचा मार्ग.

कार्डाची खरी गरज या ठिकाणी असते:

- न थांबणाऱ्या पट्टीची, फॉइलची, रबर शीटची सलग तपासणी;
- सेकंदाला शेकडो चित्रं, उदाहरणार्थ वेल्डिंगचा किंवा इंजेक्शनचा अभ्यास;
- अनेक मोठे कॅमेरे अगदी एकाच क्षणी, सतत;
- चित्रावरची पहिली प्रक्रिया कार्डावरच उरकायची असेल, कारण प्रोसेसरला दुसरं जड काम आहे.

‘चित्रं गळतात’ म्हणून कार्ड सुचवलं असेल तर

लॅन कॅमेरा बसवला, अधूनमधून चित्र येतच नाही, आणि आता कार्डासकट सगळं बदला म्हणतात, अशी तक्रार बरीच येते. पैसे देण्याआधी एवढं तपासा:

- कॅमेरा ऑफिसच्या नेटवर्कच्या स्विचवर आहे का? त्याला कॉम्प्युटरवर स्वतंत्र पोर्ट हवा. बिलिंगचं आणि सीसीटीव्हीचं काम त्या तारेवर नको.
- नेटवर्क कार्डात ‘जंबो फ्रेम’ चालू आहे का? पॅकेट ९००० बाइटच्या आसपास ठेवा. मध्ये स्विच असेल, तर त्यालाही ते चाललं पाहिजे.
- केबल कुठली आहे? बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून आणलेली साधी कॅट-६ केबल टेबलावरच्या ट्रायलला ठीक. रोबोच्या हातावर किंवा ड्रॅग चेनमध्ये ती आतून तुटते, बाहेरून मात्र धडधाकट दिसते. तिथे लवचीक औद्योगिक केबल आणि स्क्रूने बसणारा कनेक्टर लागतो.
- केबल व्हीएफडीच्या पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेली आहे का? वेगळी काढा.
- विंडोजचं पॉवर सेव्हिंग आणि आपोआप होणारे अपडेट बंद केले आहेत का?

माझ्या पाहण्यात यातल्या दोन-तीन गोष्टी नीट केल्या की बहुतेक तक्रारी मिटतात.

कार्ड घ्यायचंच असेल तर साखळी पूर्ण पाहा

कार्ड एकटं विकत घेणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. कॅमेरा, केबल, कार्ड, स्लॉट, सॉफ्टवेअर या सगळ्यांची सांगड बसली तरच चित्र दिसतं. ऑर्डरच्या आधी हे विचारा:

- स्लॉट: कॉम्प्युटरमधला लांब एक्स-१६ स्लॉट आतून चारच लेनचा असू शकतो. मदरबोर्डचं मॅन्युअल मागा. पीसीआय एक्स्प्रेसच्या दुसऱ्या पिढीत एका लेनवर सेकंदाला ५०० मेगाबाइट, तिसऱ्या पिढीत जवळपास दुप्पट. कार्डाची गरज त्याच्याशी ताडून पाहा.
- हवा: ही कार्डं तापतात. पंखा नसलेल्या बंद आयपीसीत (औद्योगिक कॉम्प्युटरमध्ये) मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, दुपारी सिस्टिम हँग होते. आत हवा खेळती हवी आणि धूळ अडवायला फिल्टर हवा, जो कुणीतरी दर आठवड्याला साफ करेल.
- कनेक्टर: कॅमेरा लिंकचे मोठे आणि छोटे असे दोन कनेक्टर असतात. कॅमेऱ्यावर एक आणि कार्डावर दुसरा असेल, तर तशीच केबल मागवावी लागते. ‘मीडियम’ आणि ‘फुल’ला दोन केबल लागतात. कोॲक्सप्रेसलाही बीएनसी, डिन, मायक्रो-बीएनसी असे प्रकार आहेत. सीसीटीव्हीची उरलेली कोॲक्स केबल दिसायला सारखी असते, पण या वेगाला तिचा भरवसा नाही.
- ट्रिगर: याकडे खास लक्ष द्या. आपले प्रॉक्सिमिटी सेन्सर २४ व्होल्टचे. कार्डावर काही इनपुट ५ व्होल्टच्या टीटीएल असतात. २४ व्होल्टची तार तिथे लागली की कार्ड जातं, आणि हा दोष वॉरंटीत बसत नाही. ऑप्टो-आयसोलेटेड इनपुटच वापरा, सेन्सर पीएनपी की एनपीएन हे ड्रॉइंगवर लिहून घ्या, आणि पहिल्यांदा तार जोडताना तुमचा इलेक्ट्रिशियन मीटर घेऊन शेजारी उभा असू द्या.
- सॉफ्टवेअर: तुमचं तपासणीचं सॉफ्टवेअर हे कार्ड ओळखतं का? कार्ड आणि कॅमेरा ‘जेनआयकॅम’ मानकाचे असतील, तर पुढे कंपनी बदलण्याची मोकळीक राहते. ड्रायव्हर कोणत्या विंडोजवर चालतो, तेही लेखी घ्या. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

युरेसिस, टेलिडाइन डाल्सा, बासलर, मॅट्रॉक्स ही यातली ओळखीची नावं. त्यांपैकी मॅट्रॉक्सचा इमेजिंग विभाग २०२२ मध्ये झेब्रा कंपनीकडे गेला आहे, त्यामुळे जुन्या नावाने भाग शोधणाऱ्यांचा गोंधळ होतो. कार्ड परदेशातून येतं आणि दुरुस्तीलाही बऱ्याचदा परत तिकडेच जातं. तेवढे आठवडे लाइन कशावर चालेल, याचं उत्तर ऑर्डरच्या आधी घ्या. बदली कार्ड वेंडर देणार की दुसरं कार्ड तुम्हीच कपाटात ठेवणार?

आपल्या शेडचा विचार

कागदावर जमलेली सिस्टिम शेडमध्ये अडते, आणि त्याची कारणं इथलीच असतात.

छतात बसवलेल्या पारदर्शक पत्र्यांतून सकाळी अकराला ऊन एका जागी पडतं, चारला दुसऱ्या. कॅमेऱ्याला तो प्रकाश वेगळाच दिसतो आणि चांगले पार्ट रिजेक्ट होऊ लागतात. कॅमेऱ्याभोवती काळं आवरण करा. लाल प्रकाश वापरत असाल, तर लेन्सवर त्याच रंगाचा फिल्टर लावा. ट्रायल तिन्ही शिफ्टमध्ये घ्या, फक्त दुपारी नको.

प्रेस शॉपमध्ये कॅमेऱ्याचा स्टँड प्रेसच्या फाउंडेशनपासून वेगळा ठेवा. कूलंटची वाफ लेन्सवर बसते, तिथे एअर पर्ज द्या. पण कॉम्प्रेसरच्या हवेत तेल-पाणी असेल, तर तीच हवा काच खराब करते. आधी फिल्टर बसवा.

अर्थिंग उन्हाळ्यात तपासा. पावसाळ्यात खड्डा ओला असतो तेव्हा आकडे चांगलेच दिसतात. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त येत असतील, तर कॅमेरा बसवण्याआधी ते काम करा. आयपीसीला यूपीएस द्याच. पिंपरी-चिंचवडमध्ये गुरुवारी सुट्टी असते आणि विजेची देखभालही बहुधा त्याच दिवशी निघते. त्यामुळे इन्स्टॉलेशन गुरुवारी ठेवायचं असेल, तर आधी महावितरणकडे चौकशी करा.

पार्ट घेऊन फिरा

चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये आणि मोशीच्या प्रदर्शन केंद्रात औद्योगिक प्रदर्शनं भरतात. तिथे जाताना कॅटलॉग गोळा करायची पिशवी नेताच, तिच्यात तुमचे वीस पार्ट न्या: चांगले, खराब आणि विशेषतः सीमेवरचे, ज्यांच्यावर तुमचे दोन इन्स्पेक्टर भांडतात. स्टॉलवरच्या माणसाला म्हणा, ‘हे दाखवा.’ स्टॉलवरच्या चकचकीत डेमो पार्टवर कुठलाही कॅमेरा चालतो. तुमच्या तेलकट कास्टिंगवर काय दिसतं, ते तिथेच कळेल.

पीओमध्ये काय लिहायचं आणि तुमचे हक्क कोणते

धंद्यासाठी घेतलेल्या यंत्राला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सहसा लागू होत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला तेवढा अपवाद आहे. म्हणून तुमचा आधार म्हणजे तुमची पीओ आणि माल विक्री कायदा, १९३०.

या कायद्याचं कलम १६ लक्षात ठेवा. माल कशासाठी हवा आहे हे तुम्ही विकणाऱ्याला सांगितलं असेल, त्याच्या जाणकारीवर विसंबून घेतला असेल आणि तो त्याच धंद्यातला असेल, तर माल त्या कामाला योग्य असलाच पाहिजे, ही अट कायद्यानेच गृहीत धरलेली आहे. पण तुम्ही नुसतं अमुक कंपनीचं तमुक मॉडेलचं कार्ड मागितलं, तर हा आधार निसटतो. त्यामुळे पीओत फक्त मॉडेल नंबर लिहू नका. असं लिहा: ‘अमुक ड्रॉइंग नंबरच्या पार्टवरील ०.२ मिमी व त्याहून मोठी पोरोसिटी, सहा सेकंदांच्या सायकल टाइममध्ये शोधण्यासाठी.’

बाकी अटी:

- कॅमेरा, लेन्स, लाइट, कार्ड, केबल, लायसन्स यांच्या किमती वेगवेगळ्या.
- ‘डिलिव्हरी’ म्हणजे गेटवर खोकं उतरवणं की ट्रायल पास होणं, याची स्पष्ट व्याख्या.
- पासवर्ड, रेसिपी, कार्डाची कॉन्फिगरेशन फाइल आणि लायसन्सची डोंगल तुमच्या कंपनीच्या नावाने आणि ताब्यात. हे राहून गेलं, तर नवा पार्ट जोडायलाही प्रत्येक वेळी त्याच माणसाची वाट पाहावी लागते.
- वाद झाल्यास न्यायक्षेत्र पुणे.

माल आला की लगेच तपासा. तक्रार न करता बराच काळ वापरत राहिलात, तर कलम ४२ प्रमाणे तो स्वीकारला असं धरलं जातं. वेंडर उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु पुरवठादार असेल, तर हरकत डिलिव्हरीपासून १५ दिवसांच्या आत लेखी कळवा. फोनवर सांगितलेलं धरू नका, ईमेल करा. हरकत न घेता पैसे अडवून ठेवलेत, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांनंतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज तुमच्यावर चढतं. हे वाचणाऱ्या छोट्या इंटिग्रेटरांनो, हाच तुमचा हक्क आहे, आणि त्यासाठी फॅसिलिटेशन काउन्सिलकडे अर्ज करता येतो.

स्वीकारण्याची ट्रायल

‘चालतंय’ म्हणून सही करू नका. आयएटीएफ १६९४९ पाळणाऱ्या ग्राहकाला मोजमाप यंत्रणेचा अभ्यास हवाच असतो, तो याच वेळी करून घ्या. नंबर टाकलेले निदान ५० पार्ट निवडा, त्यांत सीमेवरचे भरपूर. प्रत्येक पार्ट तीनदा, क्रम बदलून, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये तपासा. दोन आकडे वेगळे लिहा: खराब पार्ट किती सुटले आणि चांगले किती अडले. पहिल्यामुळे ग्राहकाची डेबिट नोट येते, दुसऱ्यामुळे ऑपरेटर वैतागून सिस्टिम बायपास करतो. दोन्हींची मर्यादा पीओतच ठरलेली असू द्या. नंतर रोज शिफ्टच्या सुरुवातीला एक ठरलेला खराब पार्ट लाइनवर सोडा. तो पकडला गेला, तरच उत्पादन सुरू करा.

जुन्या मशीनचं कार्ड गेलं तर

आयात केलेल्या जुन्या तपासणी यंत्रात विंडोज एक्सपी आणि पीसीआय स्लॉटमधलं कार्ड असतं. नव्या मदरबोर्डवर तो स्लॉट मिळत नाही. तुमच्यापुढे तीन वाटा असतात: तेच कार्ड जुन्या बाजारात शोधणं, पीसीआय स्लॉट असलेला औद्योगिक मदरबोर्ड घेऊन जुनं कार्ड चालवणं, किंवा कॅमेरा-कार्ड-सॉफ्टवेअर सगळं काढून नवा लॅन कॅमेरा बसवणं. जुनं कार्ड घेताना नाव सारखं असून भागत नाही, मागच्या बाजूचा पूर्ण भाग क्रमांक आणि आवृत्ती जुळली पाहिजे. ते तुमच्याच मशीनवर चालवून दाखवलं, तरच पैसे द्या. मशीन आणखी पाच वर्षं लागणार असेल, तर मी तिसरी वाट सुचवेन. मात्र मग ग्राहकाला कळवून मंजुरी घ्यावी लागते, कारण तपासणीची पद्धत बदलते.

यंत्र आज चालू असेल, तर येत्या सुट्टीच्या दिवशी एवढं करा: हार्ड डिस्कची पूर्ण प्रत काढा, ती दुसऱ्या डिस्कवर घालून मशीन खरोखर सुरू होतं का ते पाहा, कार्डाचे आणि प्रत्येक जोडणीचे फोटो काढा, तारांना नंबर लावा. ती डिस्क, फोटोंची प्रिंट आणि ड्रायव्हरची सीडी एका पाकिटात घालून टूल रूमच्या कपाटात ठेवा आणि पाकिटावर मशीनचा नंबर लिहा.